तहसीलदाराला शेवटी सोडायचं

अप्पा, तुम्हाला माती देऊन आम्ही परत आलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती आणि मी ओट्याखाली माझी चप्पल शोधत होतो. अक्कांनी दारातून खूण करून मला आत बोलावलं. मला वाटलं, आता त्या रडतील आणि मलाही रडावं लागेल. त्यांनी विचारलं, "लतीफ, त्यांना आज कुणी काही खायाला घातलं का?"

"कुणाला?"

"माशांना रे. त्यांना काय म्हाईत आज घरात काय झालं ते."

कुणी घातलं नव्हतं. बैठकीत जाऊन बघतो तर सहा फुटांच्या टाकीतले सगळे जण काचेपाशी येऊन उभे. मी पडवीतल्या छोट्या फ्रीजकडे वळलो. तो फ्रीज तुम्ही मुद्दाम वेगळा घेतला होता, कारण लिंगायताच्या स्वयंपाकघरात गोठवलेल्या झिंग्याचं पाकीट ठेवायचं म्हटलं असतं तर अक्का सरळ माहेरी देवणीला निघून गेल्या असत्या. नऊ वर्षांत त्यांनी त्या फ्रीजच्या दाराला हात लावला नव्हता. त्या दिवशी मी पोचायच्या आधी दार त्यांनीच उघडलं. एक तुकडा चमच्यावर घेतला, तोंड दुसरीकडं फिरवलं आणि म्हणाल्या, "किती घालायचं सांग."

तिथं मला रडू आलं, अप्पा. आणि हसूही आलं, कारण चमचा त्यांनी असा लांब धरला होता जसा काही त्यात विंचू बसलाय.

त्या दोन दिवसांत लोक तुमच्याबद्दल पुष्कळ बोलले. कलेक्टर ऑफिसात टंचाई शाखेत किती वर्षं होतात, टँकरचा अर्ज कधी टेबलावर पडू दिला नाहीत, रिटायर झालात तेव्हा किती गावांची माणसं आली होती. सगळं खरं आहे. पण ते लिहायला दुसरे आहेत. मला आपली भांडणं लिहायची आहेत, कारण ती तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाहीत आणि आता मी एकटाच उरलो.

तुमची आणि आमच्या दुकानाची ओळख माझ्याही आधीची. लातूर जिल्हा नवा झाला, नव्या ऑफिसांच्या भिंती मोकळ्या होत्या, त्यावर लावायला फोटोंच्या फ्रेमा पाहिजे होत्या. अब्बा सांगायचे, एक सडपातळ नवा कारकून यादी घेऊन आला आणि प्रत्येक फ्रेम उलटी करून मागचा खिळा तपासून बघितला. ते तुम्ही. तेव्हापासून तुम्ही आमचे. मग अब्बा गेले, दुकान माझ्याकडं आलं, आणि आरसे, फ्रेमा, दुकानांच्या शोकेस यात मी रमलो. काचेत पाणी भरायचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

तो तुम्ही आणलात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला हैदराबादला गेला होतात. परत आल्यावर घरी न जाता बसस्टँडवरून थेट दुकानात. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पिशवी. मी खुर्ची दिली, तुम्ही बसला नाहीत.

"लतीफ, निळा रंग कसा असतो ते मी कित्येक वर्षं इसरूनच गेलतो," तुम्ही म्हणालात. "पट्टी काढली, बाहेरच्या खोलीत आलो तर समोर काचेत समुंदर. खारं पाणी, प्रवाळ, मासे. दोन तास उठलो न्हाई. नर्सबाईला वाटलं मला घेरी आली."

मग पिशवीतून कागद काढलात. सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. बारा एमएम काच.

"अप्पा, आपण कधी नदीचा मासा पाळला न्हाई. आधी छोटी टाकी करू."

"माझं वय छोट्या टाकीचं ऱ्हायलं न्हाई," तुम्ही म्हणालात. ते आपलं पहिलं भांडण, आणि ते तुम्ही जिंकलात. पुढं मला कळलं की खाऱ्या पाण्यात मोठी टाकीच सोपी पडते. पाणी जास्त म्हणून बिघाड हळू होतो आणि माशांना एकमेकांपासून लांब राहायला जागा मिळते. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं. तुम्ही आपले बरोबर निघालात.

पहिली टाकी एका सांध्यातून पाझरली. परत खोलली, परत सिलिकॉन भरलं. मग पाणी भरलं, मीठ घातलं, दगड रचले, आणि सव्वा महिना काहीच नाही. त्या दगडांवर डोळ्याला न दिसणारे जंतू वाढल्याशिवाय मासे सोडायचे नसतात. गल्लीतली माणसं मासे बघायला यायची आणि उजेडात ठेवलेले दगड बघून जायची. अक्का चहा देताना सांगायच्या, "ह्यांनी दगड पाळलेत. लई गरीब हायत, कुणाला चावत न्हाईत."

खरी गंमत त्याच्या पुढं. कोणाला कोणाबरोबर ठेवायचं. हैदराबादचा मासेवाला फोनवरच भेटायचा. त्यानं पहिल्या दिवशी बजावून सांगितलं, "चाचा, पहले गरीब मछली छोडो, बदमाश आखिर में. उल्टा किए तो सब गडबड." जो मासा आधी येतो तो अख्खी टाकी आपली समजतो. तोच दांडगा असला तर मागून आलेल्याला दगडामागंसुद्धा उभं राहू देत नाही. म्हणून भित्रे आधी, त्यांची घरं ठरू द्यायची, आणि दांडगट सगळ्यांच्या शेवटी, म्हणजे तो पाहुणा म्हणून येतो.

तुम्हाला हे पटलं. आणि पटूनही दुसऱ्याच खेपेला तुम्ही मला न विचारता तीन छोटे निळे मासे मागवलेत. बोटाच्या पेराएवढे. सकाळच्या बसनं थर्माकोलच्या डब्यात आले. मी म्हणालो, हे डॅमसेल हायत, फार मारकुटे असतात. तुम्ही डबा माझ्यापुढं धरलात. "येवढ्याशा जिवाला काय भ्यायचं?"

आठवड्यात त्या तिघांनी टाकीचे तीन तुकडे करून वाटून घेतले. पांढऱ्या अंगाचा, लाल शेपटीचा तो लाजाळू मासा, ज्याला तुम्ही मेणबत्ती म्हणायचात, त्यानं तर घाबरून टाकीबाहेर उडी मारली. नशीब, तुम्ही समोरच पेपर वाचत होतात. त्या दिवशी मी टाकीवर जाळीचं झाकण बसवलं आणि आपण डॅमसेल पकडायला निघालो. सकाळी नऊपासून. जाळी घातली की ते दगडात. म्हणून दगड काढायला लागलो. दुपारी दोनला बैठकीत घमेली, बादल्या, ओले दगड, तुमचं धोतर गुडघ्यापर्यंत खाऱ्या पाण्यानं ओलं, आणि मासे तिघंही टाकीतच.

अक्का दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "उंदीर धरायला कुणी घर पाडतं का?" आत गेल्या आणि पाण्याची रिकामी बाटली घेऊन आल्या. गळ्याखाली कापून वरचा भाग उलटा आत बसवलेला, नरसाळ्यासारखा. "ह्यात त्यांचं खाणं ठेवा आन गप बसा." संध्याकाळपर्यंत दोन सापडले, तिसरा दुसऱ्या दिवशी. तुम्ही हैदराबादला फोन करून ही युक्ती आपली म्हणून सांगितलीत. मी बाजूलाच उभा होतो, अप्पा. अक्कासुद्धा.

त्यानंतर मात्र आपण शहाणे झालो. एक-एक मासा महिन्याच्या अंतरानं, मधे एखादा प्रवाळ. नावं तुम्ही गावातली आणि ऑफिसातली ठेवलीत. दुसऱ्या माशांच्या अंगावरची घाण खाऊन काढणारा झिंगा म्हणजे न्हावी. वाळूत बीळ राखत बसणारा तो चौकीदार. आणि टँग जातीचा पिवळा मासा आला तेव्हा त्यानं पहिल्याच सकाळी टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी मारली, आणि सगळे बाजूला सरकले. तुम्ही खुर्चीतून अर्धे उठलात आणि म्हणालात, "तहसीलदार आले."

पुढच्या वर्षी तुम्हाला त्याच जातकुळीचा निळा पाहिजे झाला. मी नको म्हणालो. एकाच बांध्याचे दोन मासे असले की दुसऱ्याला बघून पहिल्याचं डोकं फिरतं. लांबट आणि गोल एकमेकांकडं बघतसुद्धा नाहीत, पण गोल आणि गोल भांडतात. तुम्ही ऐकलं नाही. निळा आला, आणि तहसीलदारानं शेपटीच्या काट्यानं त्याला असा ओरबाडला की तो पंपामागं जाऊन आडवा पडला. तुम्ही दोन वेळा जेवला नाहीत. तिसऱ्या वेळेला मी दुकानातून दोन फुटी आरसा आणला आणि टाकीच्या बाहेरून, तहसीलदाराच्या बाजूला लावला.

ही युक्ती मी फोनवर वाचली होती, पण भरवसा नव्हता. तहसीलदार आरशापुढं गेला, थबकला, आणि त्यानं आतल्या पिवळ्यावर झडप घातली. दिवसभर तेच. निळ्याकडं बघायलाही त्याला सवड नव्हती. तेवढ्यात निळ्यानं उजवीकडचा दगड धरला, खायला लागला, अंगावरचे ओरखडे भरत आले.

"लतीफ, तीन दिवस झाले," तुम्ही खुर्ची टाकीसमोर ओढत म्हणालात, "आजून त्याला कळंना की समोर आपणच हाय."

"कळलं तर आरसा काढावा लागंल."

"ऱ्हाऊ दे मग. चांगला गुंतलाय."

पाचव्या दिवशी आरसा काढला. दोघं एकमेकांना एकदा बघून आपापल्या वाटेनं गेले. शेवटपर्यंत तसेच राहिले. तो आरसा मी नंतर एका सलूनला विकला. त्यांना सांगितलं नाही.

एक भांडण मात्र मिटलं नाही. तो लांब चोचीचा, तांबूस पट्ट्यांचा फुलपाखरू मासा. तुम्हाला पाहिजेच होता. मी सांगायचो, तो प्रवाळ कुरतडतो, आणि नाही कुरतडला तर उपाशी मरतो, कारण त्याला दुसरं काही आवडत नाही. तुम्ही म्हणायचात, "शंभरात एखादा शहाणा असंल की." मी म्हणायचो, तो एखादा लातूरलाच कशाला येईल. दर दिवाळीला हा विषय निघायचा. जायच्या आधीच्या रविवारी तुम्ही तो पुन्हा काढलात, आणि मी पहिल्यांदा "न्हाई" न म्हणता "बघू" म्हणालो. का म्हणालो, मला माहीत नाही. तुम्हीही चमकून माझ्याकडं बघितलंत. माझं मत अजून तेच आहे, अप्पा. तो मासा आपल्या टाकीत नको होता. पण तुम्हाला "बघू" ऐकायला मिळालं, याचं मला बरं वाटतं.

आता त्या उन्हाळ्याचं. गावाला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. एरवी माझ्या दुकानात उदगीर जिल्हा होणार का आणि झाला तर देवणी कुणाकडं जाणार यावर लोक तासनतास बोलायचे. तेव्हा फक्त पाण्यावर बोलायचे. आपल्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. आणि तुमच्या बैठकीत साडेसहाशे लिटर पाणी, ज्याचा कुणालाच उपयोग नाही.

खारं पाणी उडून जातं तेव्हा मीठ मागं राहतं, म्हणून रोज वरून गोडं पाणी घालावं लागतं. लाईट जायची तेव्हा पाणी गार ठेवणारा चिलर बंद पडायचा, इन्व्हर्टरवर नुसता पंप आणि एक पंखा. पंखा लावला तर पाणी थंड राहायचं, पण रोज आठ लिटर उडायचं. मी घट्ट काचेचं झाकण करून बसवलं तर दोन लिटरच उडायचं, पण पाणी इतकं तापायचं की प्रवाळ पांढरे पडायला लागले. एका हातानं वाचवावं तर दुसऱ्या हातानं जातंय.

मी एका सकाळी बोलून गेलो, "अप्पा, देऊन टाकू सगळे हैदराबादला. लोक घागरी घेऊन उभे हायत."

तुम्ही आठ दिवस दुकानाकडं फिरकला नाहीत. नवव्या दिवशी आलात, उभ्या उभ्या म्हणालात, "बोलाव त्या मासेवाल्याला. तू बरोबर हाय. जल्मभर टँकरच्या अर्जांवर शेरे मारले मी, आन माझ्याच घरात समुंदर. लाज वाटायलीय." आणि त्या आठ दिवसांत माझंच मन पालटलं होतं. मी फोन करीन म्हणालो आणि केला नाही. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या पारूबाई टँकरची वाट बघत तुमच्या ओट्यावर बसल्या होत्या. उन्हाचा तडाखा होता म्हणून अक्कांनी आत बोलावलं. पारूबाई कधी बैठकीत आल्या नव्हत्या. त्या टाकीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, येवढं पाणी." मी खाली बघत होतो. तुम्ही उठलात, झाकण सरकवलंत आणि म्हणालात, "चव घ्या."

त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि पदरानं जीभ पुसली. मग त्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

"म्हंजी ह्यांची बी आपल्यावानीच गत," त्या म्हणाल्या. "पाण्यात हायत आन पाणी न्हाई."

तुम्ही सांगितलंत की मासे हैदराबादला पाठवतोय. पारूबाई टाकीकडं बघत राहिल्या. न्हाव्यानं तेव्हा निळ्याच्या गालावर बसून त्याची साफसफाई चालवली होती. "कशापाई पाठवता?" त्या म्हणाल्या. "आमी गेलो का गाव सोडून? ऱ्हातील ते बी."

कुणाच्या परवानगीची वाट बघत होतात तुम्ही, मला त्या दिवशी कळलं. पंख्याऐवजी बर्फाच्या बाटल्या ही कल्पनाही तिथंच बसून निघाली. बाटलीत पाणी भरून झाकण घट्ट लावायचं, गोठवायची, टाकीत तरंगत सोडायची. वितळली की पुसून परत फ्रीजमध्ये. बाटलीतलं थेंबभर पाणी कुठं जात नाही. गल्लीत ज्याच्या घरी फ्रीज त्याच्याकडं दोन बाटल्या. लाईट असेल त्या घरून बाटली यायची, आणि बाटली घेऊन येणारा माणूस अर्धा तास मासे बघून जायचा. त्या उन्हाळ्यात आपले तीन प्रवाळ गेले. मासा एकही गेला नाही.

वरच्या दोन लिटरचं कोडं मला तेव्हा सुटलं नव्हतं. फिल्टर लावलं तर एक बादली चांगल्या पाण्यामागं दोन बादल्या बाहेर पडतात, त्यात भांडी व्हायची, ते ठीक. पण मुळातलं पाणी कुठून काढता, मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "हाय जरा जादा." आता अक्कांनी सांगितलं. त्या चार महिन्यांत तुम्ही एकदाही अंगावर पाणी घेतलं नाही. ओल्या टॉवेलनं अंग पुसायचात आणि तुमच्या वाटणीची बादली बाजूला काढायचात. मी एरवी रोज तुमच्या शेजारी बसत होतो. मला वाटायचं, उन्हाळ्यानं वास येतोय.

तुमच्या मागं दीड महिना अक्कांनीच मासे सांभाळले. मी जायचो, पण सांगायला फार काही नसायचं. मग एका शुक्रवारी त्या म्हणाल्या, "लतीफ, बघायला मला येतंय. पण बादल्या उचलायला कंबर न्हाई, आन लेक देगलूरला बोलवायलीय. ह्यांना चांगलं ठिकाण बघ." तुमच्या महेशचा, मुलाचा, पुण्याहून फोन आला होता, की कुणालाही देऊन टाक. अक्का म्हणाल्या, कुणालाही नाही.

नांदेडला लहान मुलांचे एक डॉक्टर आहेत. मागच्या दिवाळीत मी त्यांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत, आपल्यापेक्षा फूटभर लांब टाकी करून दिली होती. पाणी चांगलं मुरलेलं, दगड रचलेले, आणि मासा एकही नाही. त्यांचं धाडसच होईना. मी फोन केला तर ते म्हणाले, "लतीफभाई, तुम्ही स्वतः येऊन सोडणार असाल तर आजच आणा."

छोटा हत्ती टेंपो ठरवला. अकरा झाकणाच्या बादल्या, प्रत्येकीत बॅटरीवरचा हवेचा पंप. अक्का ड्रायव्हरशेजारी बसल्या, पायाशी एक बादली धरून. त्यात अर्धामुर्धा होता, अर्धा जांभळा अर्धा पिवळा. मी दारापाशी. अहमदपूर मागं पडल्यावर मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अक्का, एक सांगायचंय. हा मासा पहिला न्हाई. अप्पा सोलापूरला हृदयाच्या ऑपरेशनला होते तेव्हा पहिला मेला. ते ऐकून त्यांना काही व्हायला नको म्हणून मी हैदराबादहून दुसरा आणून सोडला. त्यांना शेवटपर्यंत सांगितलं न्हाई."

अक्का रस्त्याकडं बघत होत्या. म्हणाल्या, "त्यांना घरी आल्याच दिवशी कळलं की. ह्याचं पिवळं जरा पुढून सुरू होतं."

"मग बोलले का न्हाईत?"

"म्हणले, लतीफनं येवढं जिवाचं करून आणलंय, त्याला आपल्याला कळलं असं कळू देऊ नको."

लोह्याला गाडी चहाला थांबली. मी उतरलो आणि बराच वेळ बादल्यांची झाकणं तपासत राहिलो. सगळे पंप नीट चालू होते, अप्पा. तपासायचं काही नव्हतं.

दवाखान्यात अक्कांनी टाकीसमोर खुर्ची मागितली. दिवे बंद करायला लावले. अंधुक उजेडात मासा घाबरत नाही आणि जुन्याचा नव्याला त्रासही कमी होतो, हे त्यांना कुणी सांगितलं होतं मला माहीत नाही. बहुतेक तुम्हाला रोज बघून. आमच्या बादल्यांत थोडं थोडं तिथलं पाणी घालत तासभर गेला. मग त्या नाव घ्यायच्या आणि मी सोडायचो. आधी मेणबत्ती. मग चौकीदार. मग अर्धामुर्धा. दोघांच्यात पुरेसा वेळ, म्हणजे ज्यानं त्यानं आपला दगड शोधावा. डॉक्टर वहीत लिहून घेत होते. पेशंट बाहेर ओट्यावर थांबले होते.

"हा पिवळा केव्हा?" डॉक्टरांनी विचारलं.

"तहसीलदाराला शेवटी सोडायचं," अक्का म्हणाल्या. "आन सोडल्यावर दोन दिवस त्याच्याकडं जास्त बघायचं न्हाई."

अकराच्या अकरा पोचले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी खाल्लं. आपली मोठी टाकी मी धुऊन दुकानात आणून उभी केली आहे. गिऱ्हाईक आलं तर विकीन. ठेवून काय करायचं, असं तुम्हीच म्हणाला असता, आणि त्यावर माझ्याशी भांडलाही असता.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. अब्बांच्या मागं दुकान चालेना झालं होतं. लोक फ्रेमा करून घ्यायचे बंद झाले होते, बाजारात तयार मिळत होत्या. मी शटर पाडून दुसऱ्याच्या दुकानात कामाला जायचं ठरवलं होतं, आणि त्याच आठवड्यात तुम्ही काळा चष्मा लावून आलात. आज उदगीर, अहमदपूर, नांदेडपर्यंत मी टाक्या करतो. त्या दिवशी तुम्ही बसस्टँडवरून घरी गेला असतात तर काय झालं असतं, याचा मी विचार करत नाही. पण हे तुमच्यासमोर मला बोलता आलं नाही. तुम्ही लगेच विषय बदलला असतात, हे एक कारण. दुसरं कारण नाही.

अक्का आता देगलूरला आहेत. परवा डॉक्टरांचा फोन आला. त्यांना आणखी एक मासा घ्यायचाय. पट्ट्यापट्ट्यांचा, पंखासारखे पर पसरून चालणारा लायनफिश. फोटो पाठवला होता. मी म्हणालो, अक्कांना विचारून सांगतो, आणि फोटो देगलूरला पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन.

"देखणा हाय," अक्का म्हणाल्या. "तोंड उघडलेला फोटो न्हाई का ह्याचा?"

मी शोधून पाठवला. जांभई देताना काढलेला. त्या बराच वेळ बघत असाव्यात, कारण फोन चालू होता आणि मागं नातवंडांचा गलका ऐकू येत होता.

"नको," त्या म्हणाल्या. "ज्याच्या तोंडात आपलं माणूस मावतंय त्याला घरात घ्यायचं न्हाई. डॉक्टरला म्हणावं, लईच आवडला असंल तर भिंतीवर लावा."

डॉक्टरांना मी तसंच सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, ठीक आहे. बारा बाय अठराची फ्रेम आजच तयार झाली. मागचा खिळा तपासलाय. उद्याच्या सकाळच्या नांदेड बसनं पाठवतोय.